प्रकरण ७ : सर्वसाधारण भाव आणि एक ट्रॉली

मुलाला बुद्धिबळाच्या स्पर्धेसाठी घेऊन आलेला, परंतु स्वतः या खेळाच्या वाटेला फारसा न गेलेला पालक भिंतीवर लावलेल्या निकालपत्रकासमोर उभा राहून पहिल्याच दिवशी जो प्रश्न विचारतो, तो बहुधा असा असतो : ‘याच्या नावापुढे १६८० आणि त्याच्या नावापुढे १४८०, मग १४८०वाला जिंकला कसा?’ या साध्या प्रश्नाच्या पोटात दोन संशय दडलेले असतात. एक, तो आकडा, ज्याला सर्वत्र ‘रेटिंग’ म्हणतात, खोटा असावा. दुसरा, मोठ्या खेळाडूने काही कारणाने डाव सोडून दिला असावा. दोन्ही संशय बहुतेक वेळा निराधार ठरतात. परंतु ते का निराधार आहेत हे समजावून द्यायचे, तर आकडा म्हणजे काय, अंतर म्हणजे काय आणि एका डावाला किती वजन द्यायचे, या तीन गोष्टींचा खुलासा क्रमाने करावा लागतो. त्या कामासाठी आपण एक डाव मांडून घेऊ. डाव कल्पित आहे. जागा मात्र खरी.

१. सायखेड्यातला पट

नाशिकच्या खाली गोदावरी निफाड तालुक्यात शिरते, तेथे एका काठी चांदोरी आणि दुसऱ्या काठी सायखेडा अशी दोन गावे पुलाने जोडलेली आहेत. समजा, सायखेड्याच्या एखाद्या शाळेच्या सभागृहात रविवारची खुली स्पर्धा भरली आहे. सतरंज्या गुंडाळून ठेवून बाके मांडली आहेत, आणि एका बाकावर निवृत्त झालेले एक गुरुजी, रेटिंग १६८०, काळी मोहरी घेऊन बसले आहेत. समोर पूल ओलांडून आलेला चौदा वर्षांचा मुलगा, रेटिंग १४८०. दोघेही हौशी, बुद्धिबळावर कोणाचेही पोट अवलंबून नाही.

मुलाने राजापुढचे प्यादे दोन घरे पुढे टाकले, गुरुजींनीही तेच केले. मुलाचा राजाकडचा घोडा बाहेर येऊन गुरुजींच्या त्या प्याद्यावर रोख धरून उभा राहिला. गुरुजींनी वजिरापुढचे प्यादे एक घर सरकवून त्याला जोर दिला. मुलाचा उंट बाहेर पडला आणि त्याने काळ्या राजाच्या उंटापुढचे प्यादे तिरप्या रेषेत हेरले. तेव्हा गुरुजींनी आपल्या वजिराकडचा उंट लांबवर नेऊन मुलाच्या घोड्यापुढे असा बसवला की, घोडा हलला तर पाठीमागचा पांढरा वजीर उघडा पडावा. घोडा जखडला गेला, असे गुरुजींना वाटले. मुलाने दुसरा घोडा बाहेर काढला. गुरुजींनी, फारसा विचार न करता, राजाच्या घोड्यापुढचे प्यादे एक घर पुढे केले आणि खिशातून चष्म्याचे फडके काढले.

मुलाने जखडलेला घोडाच उचलला आणि मधले काळे प्यादे मारले.

वजीर उघडा पडला होता. शंभरदा खेळलेल्या हाताला अशा वेळी थांबणे कठीण जाते. गुरुजींच्या उंटाने वजीर मारला. पांढऱ्या उंटाने राजाजवळचे प्यादे मारून शह दिला. राजाला जायला एकच घर, एक पाऊल पुढे. राजा तेथे गेला आणि मुलाचा दुसरा घोडा पटाच्या मध्यावर येऊन बसला. शह आणि मात. दोन घोडे व एक उंट यांनी राजाची चहूकडची घरे रोखली होती, उरलेली घरे त्याच्याच मोहऱ्यांनी अडवली होती, आणि मारलेला वजीर पटाबाहेर निमूटपणे पडून होता. ही मात जुनी आहे. अठराव्या शतकातील पॅरिसचा खेळाडू आणि फिलिदोरचा गुरू लेगाल याच्या नावाने ती जगभर ओळखली जाते. तिच्या पोटातला बारकावा शेवटी पाहू. तूर्त निकालपत्रकाकडे वळू, कारण पालक तेथे उभा आहे.

२. आकडा कोठून आला

ज्या पद्धतीने हे आकडे काढतात ती आर्पाद एलो यांची. एलो हे आडनाव आहे. कोणत्याही लांबलचक नावाची ती आद्याक्षरे नव्हेत, जरी पुष्कळांची तशी समजूत असते. १९०३ साली हंगेरीत जन्मलेला हा मनुष्य लहानपणी अमेरिकेत गेला, मिल्वॉकी शहरातील मार्केट विद्यापीठात पदार्थविज्ञानाचा अध्यापक झाला, आणि स्वतः चांगल्यापैकी खेळत असल्यामुळे खेळाडूंचे बळ मोजावे कसे या विवंचनेत पडला. त्याची पद्धत अमेरिकेच्या संघटनेने १९६० मध्ये आणि ‘फिडे’ या जागतिक महासंघाने १९७० मध्ये स्वीकारली.

एलोची मूळ कल्पना गणिताच्या वेषात अवघड दिसते. निफाड तालुक्यातल्या कोणाही शेतकऱ्याला ती समजायला मात्र अर्धी घटका पुरे. पिंपळगाव बसवंत बाजार समितीचा सायखेड्याला उपबाजार आहे. तेथे कांद्याचा लिलाव झाला की संध्याकाळी भाव निघतात : किमान, कमाल आणि सर्वसाधारण. सर्वसाधारण भाव बाराशे असला, म्हणजे प्रत्येक ट्रॉली बाराशेला गेली असे कोणी समजत नाही. एखादी चाळीतून निघालेली, ओल लागलेली ट्रॉली आठशेला अडते, एखादी निवडक उन्हाळ कांद्याची पंधराशे घेऊन जाते. गोल्टीचा, म्हणजे बारीक कांद्याचा, भाव तर निराळाच. आता दोन शेतकरी घ्या. पहिल्याच्या मालाला हंगामभरात सरासरी दोनशे रुपये अधिक मिळतात. म्हणून आज सकाळी जोडीने उभ्या राहिलेल्या त्यांच्या दोन ट्रॉल्यांपैकी पहिल्याचीच महाग जाईल, अशी पैज लावण्यास व्यापारी तयार होईल काय? लावील, पण घर गहाण ठेवून लावणार नाही.

खेळाडूचे रेटिंग हा त्याचा सर्वसाधारण भाव, आणि प्रत्येक डाव म्हणजे एक ट्रॉली. मनुष्य रोज सारख्या बळाने खेळत नाही. कधी झोप झालेली नसते, कधी समोरची मांडणी त्याने कालच अभ्यासलेली असते, कधी घड्याळाचा काटा छातीवर बसतो. एलोने एवढेच गृहीत धरले की हे चढउतार एका मध्याभोवती फिरत राहतात, आणि तो मध्य पुष्कळ डावांच्या निकालांवरून अजमावता येतो. उपमा मात्र येथवरच ताणावी. कांद्याच्या भावात व्यापाऱ्याची लहर आणि सरकारचे निर्यातधोरण येते. रेटिंगमध्ये निकालाशिवाय काहीच येत नाही. खेळ सुंदर की रटाळ, वजीर दिला की वाचवला, याची दखल हा हिशेब घेत नाही.

आणखी एक गोष्ट पालकाने ध्यानात ठेवावी. १६८० या आकड्याला स्वतःचे असे मोल नाही, मोल अंतराला आहे. १६८० आणि १४८० यांच्यामध्ये जे नाते, तेच २६८० आणि २४८० यांच्यामध्ये. सर्वांच्या आकड्यांत उद्या हजार मिळवले, तरी कोणाचेही भाकीत बदलणार नाही.

३. चोवीस शतांश

अंतरावरून अपेक्षा कशी काढतात याचा फिडेचा एक तक्ता आहे. त्यातील तीन ओळी आपल्याला पुरतात : १०० गुणांचे अंतर असेल तर वरच्या खेळाडूकडून डावागणिक ०.६४ गुणांची अपेक्षा, २०० असेल तर ०.७६, आणि ४०० असेल तर ०.९२. उरलेला भाग खालच्या खेळाडूचा. म्हणजे आपल्या मुलाच्या वाट्याला ०.२४ आले.

येथे एक गफलत फार जणांची होते. ०.२४ म्हणजे शंभरातले चोवीस डाव मुलगा जिंकेल, असा अर्थ नव्हे. कारण बुद्धिबळात बरोबरीही असते, आणि तिचा अर्धा गुण मिळतो. समजा, गुरुजी आणि मुलगा शंभर डाव खेळले. मुलाने चौदा जिंकले, वीस बरोबरीत सुटले, सहासष्ट हरले. चौदा अधिक दहा, चोवीस गुण झाले. रेटिंगने सांगितले होते तसेच घडले, आणि त्यातच मुलाचे चौदा विजय आले. ते विजय रेटिंगच्या विरुद्ध मिळवलेले नसून रेटिंगने आधीच मांडून ठेवलेले आहेत. शंभरांपैकी एकही डाव तो जिंकला नसता, तर मात्र आकडा खोटा आहे असे म्हणायला जागा होती. पालकाचा पहिला संशय येथे उलटा होतो : मोठ्याचा अधूनमधून होणारा पराभव हाच आकडा प्रामाणिक असल्याचा दाखला.

आता सभागृहातील एकाच बाकावरून नजर उचलून सगळ्या सभागृहाकडे पाहा. चौसष्ट खेळाडू आहेत. अशा स्पर्धांत पहिल्या फेरीत यादीचा वरचा अर्धा भाग खालच्या अर्ध्या भागाशी खेळवतात, म्हणजे बत्तीस पट लागले, आणि जवळजवळ प्रत्येक पटावर अंतर मोठे. मोठ्या अंतरामुळे खालच्या खेळाडूच्या विजयाची शक्यता शंभरात पाचच धरू. तर बत्तीसही पटांवर मोठेच जिंकतील किंवा निदान हरणार नाहीत, याची शक्यता किती? ०.९५ ला ०.९५ ने असे बत्तीस वेळा गुणत गेले, म्हणजे उत्तर येते सुमारे ०.१९. पाच स्पर्धांपैकी चार स्पर्धांत, पहिल्याच फेरीत, कोठेतरी एखादा मोठा खेळाडू लहानाकडून हरणार. कोणत्या पटावर, एवढेच आधी सांगता येत नाही. सायखेड्याच्या लोकांना हा विचार नवा वाटू नये. वर गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की येथे पात्र फुगते हे ते जाणतात, आणि पुलावर पाणी केव्हातरी येणार हे धरूनच चालतात. तारीख तेवढी कोणी सांगू शकत नाही.

४. नाशिकचा एक दाखला

आतापर्यंतचा डाव कल्पित होता. खरा दाखला हवा असेल तर फार लांब जावे लागत नाही. नाशिकचा विदित गुजराथी हा ग्रँडमास्टर हौशी नव्हे, आणि म्हणूनच त्याचा दाखला अधिक बोलका आहे; कारण जेथे चुका विरळ असतात तेथेही हा नियम चुकत नाही.

२०२४ च्या एप्रिलमध्ये कॅनडातील टोरँटो येथे जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणारी कँडिडेट्स स्पर्धा झाली. दुसऱ्या फेरीत विदित काळी मोहरी घेऊन अमेरिकेच्या हिकारू नाकामुराविरुद्ध बसला. नाकामुराचे रेटिंग २७८९, विदितचे २७२७. शिवाय नाकामुरा त्यावेळी सलग सत्तेचाळीस डाव अपराजित होता. विदितने पांढऱ्या राजापुढच्या तटबंदीतले प्यादे मारून आपला उंट त्या बदल्यात देऊ केला. तटाला भगदाड पडले आणि ती मालिका तेथेच संपली. नवव्या फेरीत दोघे पुन्हा भेटले, या वेळी विदितकडे पांढरी मोहरी होती, आणि तो पुन्हा जिंकला.

बासष्टचे अंतर म्हणजे विदितकडून डावाला ०.४१ ची अपेक्षा, दोन डावांत ०.८२ ची, मिळाले पूर्ण दोन. म्हणून रेटिंग फसले म्हणावे, तर स्पर्धेचा शेवटचा तक्ता उघडावा : चौदा फेऱ्यांअखेर नाकामुराचे साडेआठ गुण, विदितचे सहा. दोन ट्रॉल्या विदितच्या महाग गेल्या. हंगामाचा भाव नाकामुराचा वर राहिला. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असतात हे ज्याला उमजले, त्याला या प्रकरणातले अर्धे उमजले.

आणि नाण्याची दुसरी बाजू त्याच खेळाडूच्या चरित्रात सापडते, हा योग मोठा मजेचा आहे. २०२३ मध्ये आइल ऑफ मॅन बेटावर झालेल्या ग्रँड स्विस स्पर्धेच्या पहिल्याच फेरीत विदित स्वतःपेक्षा कमी रेटिंगच्या, नेदरलंड्सच्या एर्विन लामीकडून हरला. त्या दिवशी पत्रक वाचणाऱ्या एखाद्याने त्याच्या नावावर काट मारलीही असेल. अकरा फेऱ्यांअखेर साडेआठ गुणांनिशी स्पर्धा जिंकली ती विदितनेच, आणि टोरँटोचे दार त्याला उघडले ते याच विजयाने.

नागपूरच्या दिव्या देशमुखचा दाखला ताजा आहे. २०२५ च्या जुलैत जॉर्जियातील बातुमी येथे महिलांच्या विश्वचषकात तिला पंधरावे मानांकन होते, आणि अंतिम सामन्यात तिच्यासमोर तिच्याहून सुमारे ऐंशी गुणांनी वर असलेली कोनेरू हंपी. मोठ्या मुदतीचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले. जलद डावांतला पहिलाही बरोबरीत. दुसरा दिव्याने काळ्या मोहऱ्यांनी जिंकला. स्पर्धेत येताना ती ग्रँडमास्टर नव्हती, परत निघाली ती ग्रँडमास्टर होऊन. ऐंशीच्या अंतरात हे घडणे गणिताच्या दृष्टीने मुळीच नवल नव्हे. परंतु एकोणीस वर्षांच्या मुलीला पटाशी बसून ते घडवावे लागते, तेव्हा गणित तिच्या मदतीला येत नाही, हेही नमूद केले पाहिजे.

५. शिळा आकडा

आतापर्यंत आपण धरून चाललो की दोन्ही आकडे ताजे आहेत. खेड्यापाड्यांच्या हौशी खेळात नेमके तेच बहुधा खरे नसते. चांदोरीचा आपला मुलगा वर्षाकाठी दोन स्पर्धा खेळतो. मधल्या दहा महिन्यांत मोबाइलवर रोज रात्री चार डाव खेळतो आणि वीस कोडी सोडवतो. त्याचे बळ वाढत जाते, पण त्या वाढीची नोंद दप्तरात होत नाही, कारण दप्तर फक्त अधिकृत डाव ओळखते. सातबाऱ्यावर जिराईत म्हणून चढलेल्या जमिनीत विहीर खणून ऊस उभा राहिला, तरी नोंद बदलेपर्यंत कागदोपत्री ती जिराईतच, तसा हा प्रकार. आपण १४८० शी खेळतो आहोत असे गुरुजी समजून बसतात; समोर बसलेला असतो कदाचित १६०० चा गडी.

हा दोष फिडेच्या ध्यानात आला नव्हता असे नाही. मार्च २०२४ मध्ये तिने दोन गोष्टी केल्या. यादीत राहण्याची किमान पायरी १००० वरून १४०० वर नेली. आणि २००० च्या खालच्या प्रत्येकाला, २००० पासून तो जितका दूर असेल त्याच्या चाळीस टक्के गुण एकरकमी वाढवून दिले. उदाहरणादाखल, ज्याचे १४०० होते त्याला सहाशेच्या चाळीस टक्के, म्हणजे २४० मिळून तो १६४० झाला. ज्याचे १६०० होते तो १७६० झाला. दोघांतले दोनशेचे अंतर एका रात्रीत एकशेवीसवर आले. तक्त्याप्रमाणे खालच्याची अपेक्षा ०.२४ वरून ०.३४ वर चढली, आणि एक प्यादेही जागचे हलले नव्हते! माझ्या मते ज्या पालकाला आकडा म्हणजे मुलाच्या कपाळावरची रेषा वाटते, त्याला हे एक उदाहरण ऐकवावे.

६. देवाणघेवाण

डाव संपल्यावर गुण कसे सरकतात ते आता सोपे आहे. मिळालेल्या गुणातून अपेक्षित गुण वजा करावा आणि येणाऱ्या आकड्याला एका ठरावीक संख्येने गुणावे. ही संख्या नवख्यांना, आणि २३०० च्या खालच्या अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना ४०. २४०० पर्यंत न पोचलेल्या इतरांना २०. एकदा २४०० गाठलेल्यांना १०.

मुलगा : मिळाला १, अपेक्षा ०.२४, फरक ०.७६, त्याला ४० ने गुणून ३०.४. गुरुजी : मिळाले ०, अपेक्षा ०.७६, फरक उणे ०.७६; त्याला २० ने गुणून उणे १५.२. चौकस वाचक येथे थांबून विचारील की गुरुजींचे गेले पंधरा, मुलाला मिळाले तीस, मग वरचे पंधरा आले कोठून? कोठूनही आले नाहीत. ते नवे काढले गेले. वाढत्या वयाचे बळ वेगाने बदलते, म्हणून त्याचा आकडा मुद्दाम सैल ठेवतात. तीच संख्या मुलाला हरण्याच्या दिवशी दुप्पट ओरबाडते, हे मात्र पालकांना उशिरा कळते.

हा हिशेब पाहिला की आपल्या जुन्या देशी बुद्धिबळाची आठवण होते. तेथे मात कशाने केली यालाही मोल होते, आणि शेवटचा शह प्याद्याने देऊन केलेली प्यादेमात सर्वांत मानाची. एलोच्या वहीत असल्या मानमरातबाला रकाना नाही. एक, अर्धा आणि शून्य एवढ्यावर त्याचा कारभार चालतो. व्यवहाराला ते योग्यच आहे. तरी दोन घोडे आणि एका उंटाने केलेली मात आणि समोरच्याची वेळ संपली म्हणून पदरात पडलेला डाव यांच्यासमोर सारखाच ३०.४ लिहिलेला पाहून जुन्या माणसाला चुटपुट लागत असेल, तर ती मी समजू शकतो.

७. पुन्हा मांडलेला डाव

पालकाचा दुसरा संशय राहिला : गुरुजींनी डाव सोडला काय? त्याचे उत्तर निकालपत्रकावर मिळत नाही. ते मिळते पटावर, डाव संपल्यानंतरच्या पाच मिनिटांत, जेव्हा दोघे मोहरी पुन्हा मांडतात.

गुरुजींनी वजीर परत जागेवर ठेवला, उंट मागे घेतला आणि मुलाचा घोडा मध्यावर, प्यादे मारून बसलेला, तसाच राहू दिला.

“इथं मी वजीर घेतलाच नसता तर? प्याद्यानं तुझा घोडा मारला असता तर काय केलं असतंस?”

“मग माझ्या वजिरानं तुमचा हा उंट मारला असता, गुरुजी. घोडा गेला, उंट आला, आणि प्यादं आधीच मारलं होतं. एक प्यादं वर.”

“म्हणजे दोन्हीकडून तुझंच बरं होतं.”

“दोन्हीकडून. पण तुमचा तो घोडा जागेवरून निघून उंटाच्या प्याद्यापुढं आला असता ना,” मुलाने काळा वजिराकडचा घोडा बोटाने दाखवला, “तर मी हे खेळलोच नसतो. मग त्यानंच माझा घोडा मारला असता, तिथून तुमचा उंटही सांभाळला असता आणि माझा घोडा फुकट गेला असता.”

गुरुजींनी तो घोडा उचलून त्या घरात ठेवून पाहिला, थोडा वेळ पटाकडे पाहत राहिले, आणि मग राजाच्या घोड्यापुढचे आपले प्यादे, जे त्यांनी चष्मा पुसता पुसता पुढे केले होते, बोटाने हळूच मागे सारले.

“हां. इथं,” ते म्हणाले. “लाव पुन्हा. पुढच्या फेरीला अजून वेळ आहे.”